हिने मागवलेला कॉम्प्युटर

माझ्या मुलीचं म्हणणं असं की शेवटचे दोन महिने तिची आई भानावर नव्हती. माझं म्हणणं असं की ती पूर्ण भानावर होती, आम्हा तिघांत तीच जास्त होती. यावरून आमचं बोलणं तीन महिने जवळजवळ बंद होतं. फोन यायचा. जेवलात का, रक्तदाबाची गोळी घेतली का, एवढं विचारून ती ठेवून द्यायची.

मुलगी फार्मासिस्ट आहे. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर औषधांचं दुकान आहे, तिथे ती तेरा वर्षं उभी आहे. कुठली गोळी माणसाच्या डोक्याचं काय करते हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, हे मी नाकारत नाही. मी फिटर. कारखान्यात पंप जोडायचो. छत्तीस वर्षं तेच केलं.

डॉक्टरांनी उपचारांची आणखी एक फेरी सांगितली होती. हिने नको म्हटलं. घरी जायचं म्हणाली. मी तिला घरी आणलं आणि दोन महिन्यांनी ती गेली. मुलगी म्हणते, तो निर्णय आईचा नव्हताच. तो दुखणं दाबायच्या औषधाचा होता. आणि बाबांनी औषधाचं ऐकलं.

याला पुरावा म्हणून ती कॉम्प्युटर दाखवायची.

ही घरी बसून पुस्तकांची पानं लावायची. छापखान्याकडून मजकूर आला की त्याची नीट पानं करून द्यायची, समासात किती जागा, ओळीत किती अक्षरं, सगळं तिच्या हातात. तिचा कॉम्प्युटर अकरा वर्षांचा होता. सुरू करून चहा टाकावा, चहा पिऊन कप विसळावा, तरी तो उघडत असायचा. हॉस्पिटलातून घरी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ती म्हणाली, "नवा मागवते." तोही तयार नाही. एकेक भाग निवडून मागवायचा आणि घरी जोडायचा.

मी म्हटलं, "अगं, आता?"

"दोन महिने उरले म्हणून काय झालं? त्या डबड्यासमोर बसून मरू का मी?"

मग ती सहा दिवस उशीला टेकून फोनवर वाचत बसली. जुन्या प्रुफाच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलने यादी केली. नऊ वस्तू. प्रत्येकीपुढे कारण. मला म्हणाली, "मी वाचून सांगते, तुम्ही स्क्रू आवळा. तुमच्या हाताला काहीतरी काम हवं, नाहीतर दिवसभर माझी उशी सारखी करत बसता."

पाच खोकी ती असताना आली. तिने ती उघडली, वास घेतला, परत बंद केली. सगळी आली की एकदमच जोडायचं म्हणाली. उरलेली चार नंतर आली. शेवटचं घेऊन आलेल्या माणसाने दारात हिचं नाव वाचून विचारलं, "आहेत का?" मी सही केली.

मुलगी म्हणायची, "जिला पुढच्या महिन्याचा भरवसा नव्हता, तिने पाच वर्षांची हमी बघून वस्तू मागवल्या. हे भानावरच्या माणसाचं लक्षण आहे का, बाबा?"

मी चिडायचो तेवढा.

खोकी तीन महिने खोलीच्या कोपऱ्यात पडून होती. मग एक दिवस मुलगी मोठी पिशवी घेऊन आली. मामाशी बोलणं झालंय, म्हणाली, तो हे सगळं घेतो आणि एक तयार कॉम्प्युटर देतो. मामा म्हणजे माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस चांगला. दोघांच्याही मनात माझं भलंच होतं.

"हात लावायचा नाही," मी म्हटलं.

"बाबा, तुम्हाला कॉम्प्युटर लागतो कशाला?"

"मला लागत नाही. तिने मागवलाय, तर तो जोडला जाईल."

"आणि जोडणार कोण?"

"मी. आवळायचं काम मलाच दिलं होतं."

ती पिशवी तशीच घेऊन परत गेली.

जोडायला मला चार दिवस लागले. पुस्तिकेतली अक्षरं मुंगीएवढी, म्हणून हिचं भिंग घेऊन बसलो. पण चित्रं चांगली होती, आणि छत्तीस वर्षं मी चित्रं बघूनच यंत्रं जोडली आहेत. मदरबोर्ड म्हणजे सगळ्यांचा पाया, त्यावर चौकोनी प्रोसेसर, प्रोसेसरच्या डोक्यावर त्याला थंड ठेवणारा कूलर. हा कूलर भलताच मोठा होता, पत्र्यांची चवड आणि मध्ये पंखा, विटेपेक्षा उंच. तो चार स्क्रूंनी बसतो. मी ते तिरपे, एक इकडचा एक तिकडचा असे आवळले, कारण कुठलंही झाकण बसवायचं ते तसंच. मग मेमरीच्या दोन पट्ट्या खाचेत दाबल्या, वायरी जोडल्या, सगळं पेटीत बसवलं. गुरुवारी दुपारी बटण दाबलं.

पंखे फिरले. दिवे लागले. पडदा काळाच.

मी दहा मिनिटं वाट बघितली. जुन्याची सवय होती. पण हा नवा होता आणि काळाच राहिला. आत बोर्डाच्या कडेला एक बारीक पिवळा दिवा लागला होता. पुस्तिकेत बघितलं, तर हा दिवा लागून राहिला म्हणजे मेमरीशी काहीतरी बिनसलंय.

पडद्याची वायर जुन्या कॉम्प्युटरला लावून बघितली. पडदा ठीक. मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या. मग एकच पट्टी, मग दुसरीच, मग दुसऱ्या खाचेत. आठ प्रकारांनी करून बघितलं. प्रत्येक वेळी पंखे फिरायचे आणि तो पिवळा दिवा माझ्याकडे बघत बसायचा.

शुक्रवारी मेहुण्याला फोन केला. करायचा नव्हता, पण केला.

तो दुकानाचं अर्धं सामान पिशवीत भरून आला. पेटीत डोकं घालून शिट्टी वाजवली. "भाऊजी, वायरी काय बांधल्यात! अशा तर आमच्या दुकानातही कोणी बांधत नाही."

"वायरींचं सोड. चालत का नाही ते सांग."

त्याने स्वतःच्या पट्ट्या लावल्या, ज्या चालतात हे त्याला माहीत होतं. पिवळा दिवा. दुसरा पॉवर सप्लाय लावला. पिवळा दिवा. मग तो पलंगावर बसला आणि हिची यादी मागितली. वाचताना ओठ हलत होते. मध्ये एकदा थांबला, नाक पुसलं. बहिणीचं अक्षर होतं.

"ताईने बोर्ड गेल्या वर्षीचा घेतलाय आणि प्रोसेसर यंदाचा," तो म्हणाला. "बोर्ड ह्याला ओळखतच नाही. भाऊजी, हे लग्न जमणार नाही."

मी बोर्डाचं खोकं त्याच्यासमोर धरलं. त्यावर चिकटवलेली कागदी पट्टी होती, यंदाचे प्रोसेसर चालतील म्हणून. यादीतही हिने लिहिलं होतं, "पट्टी असलेलाच बोर्ड पाठवा असं कळवलं."

"खोक्यावर काय, काहीही चिकटवतात."

"म्हणजे तिची चूक?"

"चूक नाही म्हणत मी. तब्येत तशी होती. ताई एरवी असली चूक करेल का? पण त्या गोळ्यांवर..." तो उठला. "माझं ऐका, बोर्ड माझ्याकडे द्या. मी दुसरा बसवून चालू करून आणतो. कुणाला कळणारही नाही."

"मला कळेल ना."

"तुम्ही दोघं नवराबायको सारखेच," तो म्हणाला आणि चप्पल घातली. दारातून परत वळून म्हणाला, "मेमरीच्या पट्ट्या ठेवून जातोय. राहू द्या."

त्याने भाचीला सांगितलं असणार, कारण संध्याकाळी मुलीचा फोन आला. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल, तिचंच खरं ठरलं म्हणून. पण ती रडत होती.

"मामा म्हणतो यादीच चुकली. बाबा, पुरे ना आता. का उकरत बसता?"

"यादी चुकलेली नाही."

"मग चालत का नाही?"

"ते शोधतोय. रविवारी ये. चालू करून दाखवतो."

"आणि नाही झाला तर?"

इथे मी थांबायला हवं होतं. एका यंत्रावर एवढं ओझं टाकू नये हे मला कळत होतं. पण तीन महिने मीही गप्पच बसलो होतो.

"नाही झाला तर तू म्हणतेस ते खरं," मी म्हटलं. "तुझी आई भानावर नव्हती आणि मी एका बेभान बाईचं ऐकलं. मान्य करेन. पण झाला, तर पुन्हा तो शब्द काढायचा नाही."

ती म्हणाली, "दहाला येते."

शनिवारी सकाळपासून बसलो. कारखान्यात आम्हाला एक शिकवलं होतं. नवा पंप चालत नसेल तर तो सगळा उघडा, टेबलावर मांडा, आणि ज्याच्याशिवाय फिरणारच नाही तेवढंच जोडा. मी पेटी रिकामी केली. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. प्रोसेसर, कूलर, मेमरीची एक पट्टी, पॉवर सप्लाय. बाकी काही नाही. पेटीचं बटणही नाही, बोर्डावरच्या दोन बारीक खिळ्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं की सुरू होतो.

पंखा फिरला. पिवळा दिवा लागला.

शनिवार असाच गेला. मी मेमरीच्या खाचा फुंकल्या, भिंगाने तपासल्या. बोर्डावरचा गोल सेल काढून परत घातला. पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासले. दुपारी जेवलो नाही. एकदा मनात आलं, मेहुणा म्हणतो तसंच असेल. असेल चुकली. दोन महिन्यांत तिने एकदा मला विचारलं होतं, आपली मांजर कुठे गेली? आमच्याकडे कधीच मांजर नव्हती. हे मी मुलीला सांगितलेलं नाही. तसंच एकदा तिने ओठाला लावायचं मलम पावावर लावलं होतं. पण त्याच संध्याकाळी तिने माझ्या वीजबिलाच्या तक्रारीतल्या चार चुका काढल्या होत्या आणि वर म्हणाली होती, "एवढी वर्षं माझ्यासोबत राहून ही भाषा?" आता यातली खरी ती कुठली? मला विचाराल तर दोन्ही. पण हे दिव्याला समजत नाही. तो एकतर जातो नाहीतर राहतो.

रविवारी मुलगी बरोबर दहाला आली. टेबलभर पसरलेलं सामान बघितलं. मी मान हलवली, अजून नाही म्हणून. तिने पिशवीतून माझ्या गोळ्या काढून फडताळात ठेवल्या, चहा केला, आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. ती जिंकल्यासारखी दिसत नव्हती. उलट तिलाच काहीतरी हरवल्याची भीती असावी तसा चेहरा होता.

"सांगा," ती म्हणाली. "काय काय करून बघितलं?"

मी सांगितलं. ती डॉक्टरची चिठ्ठी वाचावी तसं ऐकत होती, मध्ये मध्ये विचारत होती. "मामाच्या पट्ट्या लावल्या तरी तेच?"

"तेच."

"म्हणजे पट्टी आजारी नाही. पट्टीपासून पुढे काहीतरी पोचत नाहीये."

"पुढे म्हणजे प्रोसेसर."

"मग तिथे कोणी हात लावला?"

मी चहाचा कप खाली ठेवला. हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता. कारखान्यात पंप बंद पडला की आम्ही आधी हेच विचारायचो. शेवटचा हात कोणाचा? पण इथे शेवटचा हात माझा होता, आणि माझ्या हातावर मला कधी संशय आलेला नाही.

मी बोर्ड उचलला, डोळ्यासमोर आडवा धरला आणि कडेवरून नजर टाकली. मग कपाटातून माझी स्टीलची पट्टी काढली, जिने आम्ही पंपाच्या तोंडाचे भाग सपाट आहेत का बघायचो, आणि बोर्डाच्या कडेवर उभी ठेवली. खिडकीकडे धरलं.

"इथे बघ."

मुलगी वाकली. "काय बघू?"

"पट्टीच्या खाली."

"उजेड दिसतोय."

"दिसायला नको. बोर्ड वाकलाय."

कूलरच्या चार स्क्रूंनी तो ओढून धरला होता. पंपाच्या झाकणाचा बोल्ट आवळताना हात अडतो, तिथे आम्ही थांबत नाही. अडल्यावर अजून पाव फेरा. तो पाव फेरा दिला नाही तर पाणी गळतं. माझे उस्ताद म्हणायचे की फिटर आणि हमाल यांत त्या पाव फेऱ्याचाच फरक. छत्तीस वर्षं मी तो दिला. आणि ह्या चार स्क्रूंनाही दिला. एका पातळ पाटीवर, जिच्यात केसासारख्या रेषा आहेत. चार स्क्रू, चार पाव फेरे. प्रोसेसरच्या खालच्या टाचण्यांपैकी काही नीट टेकतच नसणार, आणि मेमरीचा निरोप त्यातूनच जातो.

पुस्तिका उघडली. भिंग धरलं. लिहिलेलं होतं. बोटांना अडकेपर्यंत फिरवा, पुढे नको. तेवढं वाक्य मी वाचलं नव्हतं. आवळायचं कसं हे मला कोण सांगणार, असं वाटलं असणार.

मी हे गपचूप करू शकलो असतो. स्क्रू सैल करायचे, सुरू करायचा, बघ म्हणायचं. मुलीला कळलंही नसतं की चूक कोणाची. पण ज्याने मेहुण्याला परवा "मला कळेल ना" म्हणून परत पाठवलं, त्याला आता ते जमण्यासारखं नव्हतं.

"आईची चूक नाही," मी म्हटलं. "माझी आहे. जास्त आवळलं."

"तुम्ही?"

"मी."

स्क्रूड्रायव्हर घेतला आणि तिरपे, एकाआड एक, प्रत्येकाला अर्धा फेरा उलटा दिला. पुन्हा थोडा. स्टीलची पट्टी लावली. उजेड गेला. मेमरीच्या दोन्ही पट्ट्या बसवल्या, हिच्या, मेहुण्याच्या नाही, आणि पडद्याची वायर जोडली. मुलीच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला आणि ते दोन खिळे दाखवले.

"मी नको," ती म्हणाली.

"लाव."

तिने टोक लावलं. पंखा फिरला. पिवळा दिवा लागला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो. एक, दोन, तीन मोजले मी. दिवा गेला. त्याच्या शेजारचा लागला, तोही गेला. आणि पडद्यावर अक्षरं आली. प्रोसेसरचं नाव, बरोबर. मेमरी, जेवढी हिने मागवली तेवढी. डिस्क लावलेली नव्हती म्हणून डिस्क नाही असंही त्याने सांगितलं.

"ओळखतो," मी म्हटलं. आवाज मोठा झाला माझा. "बोर्ड ओळखतो त्याला. गेल्या वर्षीचा बोर्ड, यंदाचा प्रोसेसर, आणि नावासकट ओळखतो! कर फोन तुझ्या मामाला."

तिने केला. मी फोन हिसकावून घेतला.

"जमलं लग्न," मी म्हटलं.

"काय सांगता, भाऊजी! काय होतं?"

"माझा हात होता."

पलीकडे तो हसला, आणि हसता हसता त्याचा आवाज गेला. "ताई," एवढंच म्हणाला. मी फोन मुलीला दिला.

मग आम्ही तो पुन्हा पेटीत भरला. दोन तास लागले. मुलगी मला स्क्रू मोजून देत होती आणि प्रत्येक वेळी बजावत होती, "बाबा, हळू. बाबा, पुरे." ठरल्याप्रमाणे तिने तो शब्द पुन्हा काढला नाही. पण मला ते बरं वाटत नव्हतं. आपण पैज जिंकली म्हणून समोरचं माणूस गप्प झालं, तर त्याला पटलं असं होत नाही.

शेवटी तिने बाजूचं झाकण उचललं आणि बसवायला गेली. बसेना. तिने खालची कड खाचेत घालून वरून दाबलं. मधेच अडलं. मी हातात घेतलं, फिरवून बघितलं. झाकण कूलरच्या डोक्याला लागत होतं.

मी मोजलं. पेटीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, आत जास्तीत जास्त एकशे अठ्ठावन्न मिलिमीटर उंचीचा कूलर. हिने निवडलेला एकशे पासष्ट.

मुलीने यादी घेतली. कूलरपुढे हिच्या पेन्सिलने लिहिलं होतं, "शांत चालतो. आवाज नको. उंची पाहिली." आणि पुढे बरोबरची खूण.

"उंची पाहिली म्हणतेय," मुलगी म्हणाली. "आणि खूण केलीय."

"हो."

"पाहिलेली नाहीये, बाबा."

"नाहीये."

तिने यादी टेबलावर ठेवली. मला जिंकल्याचा जो काही आनंद झाला होता तो गेला. पण तिलाही झाला नाही. ती त्या खुणेवर बोट ठेवून बसली होती.

"त्या दिवशी गोळी जास्त झाली असेल," मी म्हटलं. "ती मला एकदा मांजर कुठे गेली म्हणून विचारत होती. आपल्याकडे मांजर नव्हती कधी."

"हे तुम्ही मला सांगितलं नाही."

"नाही सांगितलं. तू लिहून ठेवलं असतंस."

"ठेवलं असतंच. बाबा, मी हेच सांगत होते तुम्हाला! तीन महिने!"

"चुकली ती," मी म्हटलं. "सात मिलिमीटर चुकली. नऊ वस्तूंत एक. आणि मी? मी तो स्क्रू आवळताना कुठली गोळी घेतली होती? पुस्तिका समोर होती. वाचली नाही. बोर्ड वाकवला. मी भानावर नव्हतो?"

तिने खुणेवरचं बोट काढलं.

"तुझा मामा वीस वर्षं हेच काम करतो. तो म्हणाला बोर्ड ओळखत नाही. तो भानावर नव्हता? माणूस भानावर असूनही चुकतं. ते तिचं चुकणं आहे, गोळीचं नाही, ते तिच्याकडेच राहू दे. घरी यायचं ठरवलं, तेही तिचंच. चुकलं असेल. मला माहीत नाही, तुला माहीत नाही, डॉक्टरलाही नक्की माहीत नव्हतं. पण ठरवलं तिने."

"तुम्ही ठरवलंत," ती म्हणाली. "तुम्हीच मला फोनवर सांगितलं. आम्ही ठरवलंय, असं म्हणालात. आम्ही."

हे खरं होतं. तसंच म्हणालो होतो मी.

"ते खोटं होतं," मी म्हटलं. "मी तिला थांब म्हटलं. तीनदा. एकदा डॉक्टरच्या खोलीबाहेर, एकदा गाडीत, आणि एकदा इथे, ह्या पलंगापाशी गुडघे टेकून. चांगलाच रडलो. ती म्हणाली, तुम्ही आणि पोरगी एकत्र आलात की मला हरवाल, म्हणून एकेकट्याशी लढते. तुमचं झालं, आता पोरीला तुम्हीच सांगा, तिच्यासमोर माझा निभाव लागणार नाही. मग मी आम्ही म्हटलं. मला वाटलं, तू माझ्यावर रागावलीस तर निदान शेवटचे दिवस तिच्याशी नीट वागशील."

"म्हणजे तिने मला घाबरून सांगितलं नाही?"

"हो."

"आणि तुम्ही हरलात."

"हरलो. छत्तीस वर्षांच्या हातांनी धरूनही नाही ऐकलं तिने."

ती उठली. खुर्ची मागे पडली, ती तिने उचलली नाही. "म्हणजे मी तीन महिने गोळ्यांना शिव्या देतेय, तुम्हाला देतेय, आणि ही बाई," तिचा आवाज चढला, "ही बाई पूर्ण शुद्धीत, मला टाळून, ठरवून गेली? मला एक शब्द न विचारता?"

"हो."

"असं कोणी करतं का स्वतःच्या मुलीला?"

"तिने केलं. रागाव तिच्यावर. तुला तेवढा हक्क आहे, आणि राग आपल्यावरच यावा एवढा तिलाही. औषधावर काय रागावतेस."

मग ती रागावली. इतकी वर्षं आईशी भांडायची तशीच, आई समोर उभी असल्यासारखी. स्वयंपाकघरात गेली, चहाची भांडी घासायला घेतली आणि एकेक भांडं आपटून ठेवायला लागली. हट्टी होती, म्हणाली. कुणाचं कधी ऐकलं नाही. माझ्या लग्नात नाही, माझ्या नोकरीच्या वेळी नाही. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंड चालू होतं. मी मध्ये पडलो नाही. तीन महिन्यांत ह्या घरात हिच्याबद्दल कोणी आजारी बाई म्हणून बोललं नाही असा हा पहिलाच तास होता.

मी डिस्क लावली. झाकण भिंतीला टेकवून ठेवलं. मेहुण्याने बुटका कूलर आणून देतो म्हणून नंतर सांगितलं, मी नको म्हटलं. उघडाच चालेल. आठवड्याने एकदा धूळ पुसेन.

"आणि वर शांत पंखा हवा होता म्हणे!" आतून मुलगी ओरडली. कशाचं तरी झाकण खाली पडलं.

"हवाच होता," मी ओरडून म्हटलं आणि बटण दाबलं.